बावन्न टक्के म्हणजे नेमकं किती?

‘हाय-रेझ ऐकू येतं हे संशोधनाने सिद्ध झालंय’ असं म्हणणारे बरेचदा एकाच पेपरकडे बोट दाखवतात: जोशुआ रीस यांचं २०१६ मधलं मेटा-अ‍ॅनालिसिस. घरी स्ट्रीमिंगचा वरचा प्लॅन घ्यावा का, ते नंतर; आधी पेपर वाचू.

१८ प्रयोग, ४०० हून जास्त श्रोते, साडेबारा हजारांवर चाचण्या. सीडीच्या किंवा त्याच्या जवळपासच्या दर्जाचा आवाज आणि हाय-रेझ यांतला फरक लोकांनी साधारण ५२ टक्के वेळा ओळखला. नाणं उडवून ५० मिळालेच असते! तरी निकाल ‘सिग्निफिकंट’, आणि त्यात लबाडी नाही. एवढ्या चाचण्या सरसकट एकत्र मोजल्या तर स्टँडर्ड एरर अर्ध्या टक्क्याहून कमी भरते, म्हणून दोन टक्केही उठून दिसतात. शंभरच चाचण्या असत्या तर एरर ५ टक्के. फरक पार बुडाला असता. पी-व्हॅल्यू वाचून फरक केवढा आहे ते कळत नाही, बघा.

रीस यांनी हे लपवलेलं नाही. परिणाम लहान आहे असं तेच लिहितात. प्रशिक्षित श्रोत्यांचा आकडा ६० च्या आसपास जातो, आणि पेपरचा खरा ऐवज मला तिथेच वाटतो. माझी हरकत वेगळी आहे. प्रयोगांच्या पद्धती आणि ध्वनिनमुने इतके वेगवेगळे, की ही सरासरी नेमकी कशाची हेच धूसर होतं.

विरुद्ध पक्षाचा लाडका पेपर मेयर आणि मोरान यांचा, २००७ चा. ५५४ पैकी २७६ बरोबर, म्हणजे निव्वळ नाणेफेक. पण वापरलेल्या काही डिस्कचं मूळ रेकॉर्डिंगच हाय-रेझ नव्हतं, असा आक्षेप नंतर आला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

घरच्या तुलनेत तर आणखी गोंधळ. ब्लूटूथ हेडफोन असेल तर गाणं वाटेत पुन्हा कॉम्प्रेस होतं. एक आवाज किंचित मोठा असला की तोच ‘चांगला’ वाटतो. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढलात तर दोन टक्क्यांची वाट बघावी लागत नाही, फरक लगेच कळतो.

तरी प्लॅन घ्यायचाच असेल तर एकाच हाय-रेझ फाइलमधून सीडी दर्जाची प्रत काढा, आवाजाची पातळी जुळवा आणि एबीएक्स चाचणी करा. १६ पैकी १२ बरोबर आले तर घ्या. अंदाजाने तेवढे यायची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. फेऱ्या मात्र आधीच ठरवा. ११ वर अडकल्यावर ‘अजून दोन खेळू’ चालणार नाही.