'नार' : एक उच्चार, चार अर्थ
यवतमाळ जिल्ह्यात 'नार' हा शब्द एका अर्थाने नांदत नाही. लावणीत नार म्हणजे स्त्री, तर गोंडीत गाव. शेजारच्या आदिलाबादकडच्या तेलुगूत 'नारा' म्हणजे सालीचा तंतू. आणि मशिदीतल्या वाअजमध्ये 'नार' म्हणजे जहन्नमची आग. उच्चार जुळले, तरी हे शब्द एकमेकांचे सोयरे नाहीत. अरबी 'नार'चे सख्खे भावंड 'नूर'; मूळ धातू एकच, पण एक जाळते, दुसरे उजळते.

मुस्लिम मराठी कथेत असा शब्द आला की समीक्षक तळटीप मागतात. टीप अर्थ सांगते. धग मात्र वाक्यानेच द्यावी लागते. बोलणाऱ्याचा स्वर आणि प्रसंग नेमका उतरला, तर कोणताही मराठी वाचक तिथे लावणीतली नार शोधणार नाही. तो उतरला नसेल, तर टीपही लेखकाला वाचवत नाही.