दाराबाहेरचे सहाजण

२ जुलै १९३९. न्यूयॉर्क शहरात त्या वेळी जागतिक प्रदर्शन भरले होते. ते निमित्त साधून विज्ञानकथांच्या चाहत्यांनी कॅरॅव्हॅन हॉल या सभागृहात आपले पहिले ‘जागतिक’ संमेलन बोलावले. नाव जागतिक असले तरी जमलेली माणसे सुमारे दोनशे, आणि त्यांतली बरीचशी मिसरूड फुटण्याच्या वयाची. अध्यक्ष होता सॅम मॉस्कोविट्झ. त्याला १९ वर्षे पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. विल सायकोरा आणि जेम्स टॉरासी हे त्याचे दोन सहकारी. या तिघांनी त्या दिवशी सहाजणांना दारातच अडवले. डोनाल्ड वॉलहाइम, फ्रेडरिक पोल, जॉन मिशेल, रॉबर्ट लाउंड्स, सिरिल कॉर्नब्लूथ आणि जॅक गिलेस्पी हे ते सहाजण. कॉर्नब्लूथ तर जेमतेम सोळा वर्षांचा होता.

चाहत्यांच्या इतिहासात हा प्रसंग ‘बहिष्काराचा महाकायदा’ अशा थट्टेच्या नावाने नोंदला गेला आहे. पोरांचे भांडण म्हणून तो सोडून देता येईल. मीही बरीच वर्षे तसाच सोडून दिला होता. पण या प्रसंगावर अडवणाऱ्याने आणि अडवलेल्याने लिहिलेली पुस्तके एकामागून एक वाचली, तेव्हा माझे मत बदलले. आवडीपोटी जमलेल्या माणसांत बोलण्यावर बंदी कशी येते आणि ती घालणाऱ्याला स्वतःची बाजू किती न्याय्य वाटत असते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

हे चाहते एकत्र आले ते पत्रव्यवहारातून. ह्यूगो गर्न्सबॅक याने १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले आणि वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापायला सुरुवात केली. पत्ते मिळाल्यावर वाचक थेट एकमेकांना लिहू लागले. त्यातून मंडळे निघाली, हाताने छापलेल्या पत्रिका निघाल्या. पुढे १९३४ मध्ये गर्न्सबॅकने आपल्या ‘वंडर स्टोरीज’ या मासिकातर्फे ‘सायन्स फिक्शन लीग’ स्थापन केली. म्हणजे सभासद चाहते, पण घर मालकाचे. वॉलहाइमची एक कथा या मासिकाने छापली आणि मानधन दिले नाही. त्याने अशाच इतर लेखकांना गाठून दावा लावला आणि तडजोडीत पैसे वसूल केले. त्यानंतर १९३५ मध्ये लीगमधून तिघांची हकालपट्टी झाली : वॉलहाइम, मिशेल आणि सायकोरा.

हा तिसरा माणूस लक्षात ठेवावा. मालकाची गैरसोय केली म्हणून वॉलहाइमबरोबर ज्याला बाहेर काढले गेले, तोच सायकोरा चार वर्षांनी वॉलहाइमला दाराबाहेर ठेवणाऱ्यांत होता. स्वतः बंदी सोसलेला माणूस बंदी घालताना कचरेल, हा आपला समज भाबडा आहे.

मधल्या काळात दोघांत वितुष्ट आले होते. त्यात राजकारणही मिसळले. १९३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बैठकीत मिशेलचे एक भाषण वॉलहाइमने वाचून दाखवले. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी नुसती स्वप्ने न रंगवता डाव्या विचाराच्या, विज्ञाननिष्ठ जगासाठी उभे राहावे, असा त्याचा आशय. त्याला जोडलेला ठराव फेटाळला गेला. पुढे हा गट स्वतःला ‘फ्यूचेरियन’ म्हणवू लागला. त्यांच्यातले काहीजण, पोलसह, तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेत होते. मॉस्कोविट्झच्या गटाचे म्हणणे असे की, आम्ही कथा वाचायला जमतो, क्रांती करायला नाही. हे म्हणणे अगदीच गैर नव्हते. आवडीच्या मंडळाला आपला विषय राखण्याचा हक्क असतोच.

पण त्या दिवशी विषयांतर कोणी केलेच नव्हते. सभागृहात एक पिवळ्या पत्रिकेचा गठ्ठा लपवून ठेवलेला सापडला. मथळा होता ‘इशारा’. संमेलनाचे चालक हुकूमशाही वृत्तीचे आहेत, ते विरोधकांचे तोंड बंद करतील, सावध राहा, असा मजकूर. ती लिहिणारा डेव्हिड काइल. तो आत गेला, त्याला कोणी अडवले नाही. बाहेर राहिले ते त्याचे मित्र. मॉस्कोविट्झने त्यांच्याकडे गोंधळ न घालण्याचे वचन मागितले आणि ते त्यांनी दिले नाही, असे तो स्वतः सांगतो.

गठ्ठ्यातल्या पत्रिका फारशा कोणी वाचल्या नसत्या, आणि वाचल्या असत्या तरी चालकांवरचा एक रागीट आरोप म्हणून विसरल्या असत्या. तो आरोप खरा ठरवण्याचे काम चालकांनीच केले.

मॉस्कोविट्झचे ‘द इमॉर्टल स्टॉर्म’ आधी चाहत्यांच्या पत्रिकेत क्रमशः आले आणि १९५४ मध्ये पुस्तकरूपाने. त्यात तो स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करतो. ‘मॉस्कोविट्झने असे ठरवले’, ‘मॉस्कोविट्झला वाटले’. शैली महायुद्धाच्या बखरीची. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासानंतर लगेच हे पुस्तक वाचले तरी रस उणावत नाही, अशी थट्टा चाहत्यांत रूढ आहे. या शैलीवर मीही हसलो. पण कोणी काय म्हटले, काय मागितले, काय नाकारले, हे त्याने इतके तपशिलाने नोंदवले आहे की त्याच्या विरुद्धचा खटलाही त्याच्याच पुस्तकाच्या आधारे उभा करता येतो. समर्थन करायला बसलेल्या माणसाने पुरावा न लपवणे ही लहान गोष्ट नव्हे.

डॅमन नाइट याचे ‘द फ्यूचेरियन्स’ १९७७ चे. नाइट या गटात नंतर आला. १९३९ चा प्रसंग त्याने पाहिलेला नाही, त्यामुळे तो इतरांच्या आठवणी ताडून पाहतो. पोलचे आत्मचरित्र ‘द वे द फ्यूचर वॉज’ १९७८ चे. त्यात कडवटपणा जवळजवळ नाही. आपला गट किती शिष्ट होता, इतरांना कसे तुच्छ लेखत होता, हे तो हसत सांगतो, आणि अडवले गेलो त्यात आपलाही वाटा होता हे मान्य करतो. आयझॅक असिमोव्ह याच गटातला, पण त्याला कोणी अडवले नाही. तो आत जाऊन बसला. मित्र बाहेर असताना आपण आत गेलो, ही बोच त्याच्या आठवणींतून जाणवते. बंदीची चर्चा करताना आपण घालणारे आणि सोसणारे यांच्याबद्दलच बोलतो. खुर्चीवर बसून राहिलेल्यांबद्दल बोलत नाही, आणि संख्येने तेच जास्त असतात.

हे वाचताना मला यवतमाळ आठवले. जानेवारी २०१९ मधल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयत्या वेळी मागे घेतले गेले. कारण तेच, गोंधळाची भीती. न झालेले ते भाषण मग वृत्तपत्रांतून आणि मोबाइलवरून महाराष्ट्रभर वाचले गेले. मांडवात ते झाले असते, तर एवढ्या लोकांपर्यंत पोचले असते असे मला वाटत नाही.

मात्र फ्यूचेरियनांना हुतात्मे करण्याचीही गरज नाही. १९४५ पर्यंत त्या गटातच एकमेकांच्या हकालपट्ट्या सुरू झाल्या, आणि वॉलहाइमने आपल्या जुन्या सोबत्यांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो टिकला नाही. पण याच वॉलहाइमने १९३७ मध्ये एक वेगळी व्यवस्था उभी केली होती. प्रत्येक सभासदाने आपली पाने आपण छापायची आणि सर्व सभासदांना पुरतील इतक्या प्रती संपादकाकडे पाठवायच्या. संपादकाने त्यांचा गठ्ठा बांधून दर तीन महिन्यांनी टपालाने सर्वांना पाठवायचा. निवड नाही, काटछाट नाही. ज्याला एखाद्याचे लिहिणे आवडत नाही, त्याने पान उलटावे. ‘फापा’ नावाची ही संस्था तिच्या संस्थापकांच्या भांडणांनंतरही पुढे अनेक दशके चालली. बोलण्याचे स्वातंत्र्य चालकाच्या उदारपणावर सोडण्यापेक्षा कामाच्या पद्धतीतच बसवलेले बरे, हा धडा मला त्या सगळ्या ठरावांपेक्षा मोलाचा वाटतो.

मग कोणाला कधी बाहेर काढूच नये का? याच चाहत्यांच्या इतिहासात उत्तर आहे, आणि ते अस्वस्थ करणारे आहे. १९६४ मध्ये ओकलंडच्या संमेलनाच्या चालकांनी वॉल्टर ब्रीन याला प्रवेश नाकारला. आक्षेप त्याच्या मतांवर नव्हता. लहान मुलांशी त्याचे लैंगिक गैरवर्तन लोकांनी पाहिले होते, आणि १९५४ मध्ये तो तशा गुन्ह्यात दोषीही ठरला होता. तरीही चाहत्यांतला मोठा वर्ग चालकांवरच तुटून पडला. खासगी आयुष्यात डोकावता, न्यायालय होऊन बसता, पुन्हा बहिष्कार सुरू करता, असे आरोप झाले. पुढे ब्रीन पुन्हा दोषी ठरला आणि १९९३ मध्ये तुरुंगात मरण पावला.

या दोन प्रसंगांत दार तेच होते. पहिल्या वेळी ते, कोणी काही बोलेल या भीतीने लावले गेले. दुसऱ्या वेळी, कोणी काही केले होते म्हणून. पहिल्याची चूक एवढ्यावर संपत नाही, असे मला वाटते. दार कारणाशिवाय लावले गेल्याची आठवण समाजात राहते, आणि ते लावणे खरोखर गरजेचे असते त्या दिवशी लोकांना चालकांचा शब्द खरा वाटत नाही. त्याची किंमत १९३९ च्या सहा तरुणांनी मोजली नाही. त्यांचे भलेच झाले. पोल आणि वॉलहाइम पुढे या साहित्याचे नामवंत संपादक झाले, आणि १९८८ च्या जागतिक संमेलनाने वॉलहाइमला सन्माननीय पाहुणा म्हणून बोलावले. किंमत मोजली ती १९६४ च्या मुलांनी, ज्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांवर कोणी विश्वास ठेवला नाही.