मेदक: कौटिल्याची कृती आणि आंबोळीचं पीठ

मंडळी, पनवेलमध्ये बिअरवर व्याख्यान म्हटल्यावर काहींना हसू आवरत नाहीये, ते इथून दिसतंय. परदेशी नोकरीत असताना आम्ही घरी बिअर करायचो. जवाचं माल्ट आणायचं, भांडं कोपऱ्यात ठेवायचं, वाट बघायची. परतल्यावर ते सोडलं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ते करता येत नाही. सवय मात्र वाचनात उतरली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं सुराध्यक्षाचं प्रकरण आम्ही वेगळ्याच नजरेनं वाचू लागलो.

तिथे 'मेदक' भेटतं, तांदळाची बिअरच म्हणा ना. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. द्रोणाचे सोळा प्रस्थ, आढकाचे चार. म्हणजे तांदूळ दोन प्रस्थ आणि किण्व तीन! किण्वाला नुसतं 'खमीर' म्हटलं की वाचकाला चिमूटभर पावडर आठवते. इथे तर ते तांदळापेक्षा जास्त आहे. आणि ते कशाचं? उडदाचं कच्चं किंवा शिजवलेलं वाटण, त्यात तांदूळ, शिवाय मोरटा वगैरे वनस्पती.

उडीद-तांदूळ! आपल्या आंबोळीचंच पीठ की हो.

पण आंबोळीचं पीठ आंबतं, चढत नाही. आधी स्टार्चची साखर व्हावी लागते, मग यीस्टचं काम. जवाला मोड आणले की धान्य स्वतःच ती साखर करतं. नाचणीच्या सत्त्वासाठी आपल्या घरांतही मोड आणतातच. मेदकाच्या कृतीत मोडांचा उल्लेख नाही. झारखंडच्या हंडियाला 'रानू'ची गोळी लागते, तिच्यातली बुरशी हे काम करते. किण्वही तसंच असावं, हा आमचा कयास.

मग किण्व किती दिवस ठेवायचं, कशात, कुठवर? ग्रंथ गप्प. या कृतीच्या काटेकोरपणाचं कौतुक होतं, ते आम्हाला पटत नाही. मापं काटेकोर आहेत ती अधिकाऱ्यासाठी, तांदूळ किती गेला हे कळावं म्हणून. करणारीच्या हातातलं ज्ञान लिहिणाऱ्याला नकोच होतं.

एक मात्र मानायला हवं. त्याच प्रकरणात कुटुंबवाल्यांना घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा करण्याची मुभा आहे. इंग्रजांनी १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरही कायदा आणला. पनवेल तेव्हा कुलाब्यातच होतं.

आता प्रश्न घेऊ. कुणाच्या आजीनं तांदूळ आंबवताना काय घातलं हे आठवत असेल, तर आधी ते सांगा.