रक्ताची भाषा आणि मतांचा हिशेब

निवडणूक आली की मलकापूरकडच्या प्रचारसभांतूनही ‘आर्य-अनार्य’, ‘मूलनिवासी रक्त’ असे शब्द उसळतात, टाळ्या पडतात. पण बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचाच दाखला घेऊन अस्पृश्यतेची वांशिक उपपत्ती खोडून काढली, हे वक्ते सोयीने विसरतात. जात रक्तातच असती तर जातिनिर्मूलनाची भाषा कशाला? दुसरीकडे, २००१ च्या डर्बन येथील वंशवादविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारने ‘जात म्हणजे वंश नव्हे’ असे म्हणत जातीच्या चर्चेलाच विरोध केला. विधान खरे, पण त्याआड दडणे ही लबाडीच. वंश नसला तरी विटाळ, बहिष्कार, अत्याचार आहेतच! कार्यकर्त्यांनी दोघांकडेही जमीन, पाणी आणि मसणवट्याचा जाब मागावा.