चिन्हमीमांसा
चिन्हे व त्यांतून होणारा अर्थबोध यांचा विचार करणारे शास्त्र. फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) याने चिन्हक व चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक मानला. ‘झाड’ या ध्वनींत झाडासारखे काहीच नसते. चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) याने चिन्हाने जागविलेल्या बोधालाही चिन्हव्यापारात स्थान दिले. डहाणू परिसरातील वारली लग्नचौकाचा उलगडा करण्यास हीच उपपत्ती अधिक उपयोगी पडते. सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. त्यातील पालघाट देवी हे नुसते चित्र नव्हे, तर विवाहविधीतील तिचे सान्निध्यच होय. १९७० नंतर जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) प्रभृतींमुळे वारली चित्रे कागदावर आली. रेषा त्याच राहिल्या. विधी सुटल्याने बोध मात्र पालटला. यास निव्वळ ऱ्हास म्हणणे घाईचे होईल, कारण मशे यांचे मासेमारीचे जाळे विधीवाचूनही अर्थपूर्ण ठरते.