वसतिगृहाचा स्लॅब आणि आपली घाई

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत कॉलेजचं नवं वसतिगृह झालं की आपण खोल्या बघतो, भाडं विचारतो; स्लॅब किती दिवसांत चढले, हे विचारत नाही. आमचा आक्षेप यालाच आहे. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळची लकी कंपाऊंडमधली बेकायदा इमारत काम चालू असतानाच कोसळली, ७४ माणसं गेली. मजले घाईघाईने चढवलेले होते. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी जोखतात; साध्या सिमेंटवर किमान ७ दिवस पाणी मारावंच लागतं. वसतिगृहात तर खोलीला चौरस मीटरमागे साधारण २०० किलो भार धरतात, पॅसेज आणि जिन्याला ३००. कारण मुलं एकदम धावतात ती तिथूनच. म्हणून आपण पालकांनी प्रवेशाआधी क्यूब टेस्टचे रिपोर्ट मागू या. ते दाखवता येत नसतील, तर उद्घाटनाची घाई नेमकी कुणाला आहे?