‘अँड पार्टी’ कुठे गेली?

कव्वालीच्या जुन्या पोस्टरवर कव्वालाचे नाव मोठ्या अक्षरांत असे आणि त्याखाली बारीक टाईपात ‘अँड पार्टी’. माझे मामू कल्याणच्या अशाच एका पार्टीत ढोलक वाजवत. त्यांचे नाव कुठेही छापले गेले नाही. ते हसून म्हणत, “अपना नाम अँड पार्टी है.” सलमान रश्दी यांची ‘द ग्राउंड बिनीथ हर फीट’ ही 1999 सालची कादंबरी वाचताना मला हे वाक्य सारखे आठवत होते.

लेखकाचे नाव वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. त्यांच्या ज्या पुस्तकावर 1988 मध्ये भारतात बंदी आली, ते हे पुस्तक नव्हे. त्या पुस्तकाने दुखावलेल्यांचे दुःख मी खोटे मानत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेत भर व्यासपीठावर त्यांच्यावर चाकूने हल्ला झाला, त्यात त्यांचा एक डोळा गेला. त्याचेही समर्थन मला करता येत नाही. लेखकाशी भांडायचे तर आधी त्याला वाचावे, म्हणून डिक्शनरी शेजारी ठेवून साडेपाचशेहून अधिक पाने वाचली. मी उर्दू शाळेत शिकवते, इंग्रजी वाचनाचा वेग बेताचाच.

कथा मुंबईपासून सुरू होते. ऑर्मस कामा हा पारशी बॅरिस्टरच्या घरातला मुलगा. विना अप्सरा अमेरिकेत जन्मलेली, आई ग्रीक वंशाची, वडील भारतीय. पोरकी होऊन मुंबईत येते. दोघांची गाठ एका रेकॉर्डच्या दुकानात पडते. पुढे ‘व्हीटीओ’ नावाचा त्यांचा रॉक बँड जगभर गाजतो, फुटतो, आणि मेक्सिकोतल्या भूकंपात विनाला धरणी गिळते. ही कहाणी सांगतो फोटोग्राफर राय. त्याचे खरे नाव उमेद मर्चंट. मुसलमान घरातला हा मुलगा विनाचा छुपा प्रियकरही आहे. भूकंपाची तारीख 14 फेब्रुवारी 1989. रश्दींविरुद्ध फतवा निघाला तोच हा दिवस. आपल्या पायाखालची जमीन सरकली तो दिवस लेखकाने आपल्या नायिकेला देऊन टाकला आहे. मराठी वाचकाला कादंबरीचे नाव समजावून सांगावेच लागत नाही, आपल्या भाषेत तो वाक्प्रचार आहेच.

मला सर्वांत आवडला तो मुंबईचा भाग. उमेदचे वडील जमीन खणून शहराचा इतिहास शोधतात, तर आई त्याच जमिनीवर उंच इमारती उभ्या करण्याची स्वप्ने पाहते. या दोघांचा संसार मोडतो, ती पाने मी दोनदा वाचली. मी मुंब्र्यात राहते. 1992-93 नंतर मुंबई सोडून आलेल्या घरांतली मुले माझ्या वर्गात बसतात. 4 एप्रिल 2013 रोजी इथून जवळच शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. वडिलांची जमीन आणि आईची इमारत यांतले भांडण आम्हांला पुस्तकी वाटत नाही.

पण बँड जन्माला येतो आणि कादंबरीचा सूर बिघडतो. ऑर्मसला गाणी कोठून मिळतात? जन्मतःच मेलेल्या जुळ्या भावाकडून. जग जी गाणी पुढे ऐकणार, ती याला हजार एक दिवस आधीच ऐकू येतात. कल्पना मजेदार आहे, अलिफ लैलाची आठवणही होते. मात्र त्यामुळे रियाज संपतो. चुकलेला ताल, सुटलेला सूर, रात्रभर चाललेली तालीम, काहीच उरत नाही. राहतात दोन देव आणि त्यांचे भक्त. बाकीचे वादक माझ्या तरी लक्षात राहिले नाहीत.

कव्वालीची पार्टी जवळून पाहिलेल्याला हे खटकतेच. कव्वाल ओळ अर्धी सोडतो, ती मागचे उचलतात. मैफल तापली की लय ढोलकवाला चढवतो, टाळी त्याच्या मागे धावते. अजीज नाझां यांचे 1970च्या दशकातले ‘झूम बराबर झूम’ मागच्या आवाजांशिवाय कल्पून पाहा. रॉकचेही वेगळे नाही. ऑर्मसवरून अनेकांना आठवणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, हाही पारशी. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या शाळेत 1958 मध्ये त्याने ‘द हेक्टिक्स’ काढला तेव्हा ती पाच मुले होती. पुढे ‘क्वीन’मध्ये चौघांपैकी प्रत्येकाने गाजलेली गाणी रचली. आणि 1944च्या लाल बावटा कलापथकाचे नाव निघाले, तर शाहीर अमर शेखांबरोबर अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांचीही नावे आपण घेतोच.

चढ-उतार येतात ते या साथीदारांमध्ये. मामूंची पार्टी कशी फुटली? भूकंपाने नाही. एका उर्साला बिदागी वाटताना प्रमुखाने हिशेब दाखवला नाही, दुसऱ्या दिवशी हार्मोनियमवाला आला नाही, एवढेच. रश्दींचा बँड फुटतो तो प्रेमाने, मृत्यूने, मिथकाने. पैशाचे व्यवहार कादंबरीत येतात, पण ते रेकॉर्ड कंपनीशी. आपसातला हिशेब मला कुठे दिसला नाही.

आश्चर्य म्हणजे लेखकाला ही गोष्ट ठाऊक आहे. शेळ्यांच्या घोटाळ्याचे ज्या फोटोंनी उमेदला नाव मिळते, ते फोटो त्याचे नाहीतच. मारल्या गेलेल्या एका फोटोग्राफरच्या बुटात लपवलेला रोल त्याने काढून घेतला आणि आपल्या नावावर छापला. तो हे वाचकाला कबूल करतो, तेव्हा मान खाली जाते. कादंबरीतला माझ्या मते हा सर्वांत खरा प्रसंग. दुसऱ्याच्या मेहनतीवर उभे राहिलेले नाव म्हणजे काय, हे इतके नेमके लिहिणारा लेखक ऑर्मस आणि विनाच्या मागे कोण उभे आहे, तिकडे कॅमेरा वळवत नाही.

मागच्या रमजानमध्ये इफ्तारनंतर मी मामूंना सगळी कथा सांगितली. भूकंप, न्यूयॉर्क, बर्फात गोळी लागून पडलेला ऑर्मस, सगळे त्यांनी शांतपणे ऐकले. मग विचारले, “वो सब ठीक है, उनका ढोलक कौन बजाता था?”

मला पटकन सांगता आले नाही. पाने चाळायला घेतली.